एका वाघामागे ४८३ फोटो!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी पेटी. अंगावर मातकट-हिरवा रंग. झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेली. डोळा एकच आणि त्याला पापणी नाही. खायला पेन्सिल सेल. ऊन, थंडी, दव सगळं सोसते. पण समोरून कुणी गेलं की गप्पकन त्याचा फोटो काढते. सांगा पाहू कोण?

बरोब्बर! जंगलातला ‘कॅमेरा ट्रॅप’. वाघांची मोजणी होते ती याच कॅमेऱ्यांच्या मदतीने, हे तुम्ही वाचलं असेल. वर्तमानपत्रात छापून येणारा वाघाचा तो झकास फोटोही पाहिला असेल. पण फोटो निघाल्यानंतर पुढे काय होतं? झाडावरच्या पेटीतला तो फोटो जंगलातून बाहेर कसा येतो? लाखो फोटोंच्या ढिगातून वाघ कोण शोधतं? आणि या सगळ्याला खर्च किती येतो? आज आपण हाच हिशेब मांडणार आहोत. वही-पेन्सिल जवळ असू द्या आणि आई-बाबांनाही शेजारी बसवा. कारण यातलं थोडं गणित त्यांच्या मोबाइललाही लागू पडणार आहे.

चला गोंदिया जिल्ह्यात

महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला गोंदिया जिल्हा आहे. तळ्यांचा आणि धानाच्या शेतांचा हा मुलूख. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. नागझिरा आणि नवेगाव ही इथली दोन नावाजलेली जंगलं. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं आणि नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, नवे नागझिरा, नवेगाव आणि कोका ही जंगलं मिळून ‘नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प’ तयार झाला. तो गोंदिया आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरला आहे.

इथे वाघ थोडे आहेत. ताडोबासारखी त्यांची दाटी नाही. म्हणून तर २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. आता विचार करा. जिथे वाघ भरपूर, तिथे एखादा फोटो हुकला तर तोच वाघ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कॅमेऱ्यापुढे येईलही. पण जिथे वाघ थोडे, तिथे एक फोटो हरवला म्हणजे कदाचित एक वाघच हिशेबातून गेला! म्हणून इथे फोटो काढण्याइतकीच तो नीट सांभाळण्याची काळजी.

त्यात नागझिऱ्याची एक जुनी ओळख अशी, की जंगलाच्या आत विजेच्या तारा नाहीत. पर्यटक याच शांततेसाठी तिथे जातात. पण संगणक चालवायचा तर वीज हवी ना? मोबाइलची रेंजही जंगलात येते-जाते. म्हणजे फोटो इंटरनेटवरून पटकन पाठवून द्यावेत, तर तेही नाही. मग करायचं काय?

आधी फिल्म ‘धुवायला’ टाकत

हा प्रश्न आजचा नाही. कॅमेरा जंगलात गेला तेव्हापासूनचा आहे.

शंभर वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक इंग्रज वनाधिकारी हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाघांचे फोटो काढत. वाघाच्या वाटेवर ते तार ताणून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि फोटो निघे. १९२७ साली त्यांचं या फोटोंचं पुस्तक निघालं. तेव्हा कॅमेऱ्यात काचेची प्लेट असे. एक प्लेट, एक फोटो. त्या रात्री तारेला वाघाऐवजी साळिंदर अडखळलं, तर फोटो साळिंदराचा. संपली रात्र!

पुढे फिल्मचे रोल आले. आई-बाबांना विचारा, एका रोलमध्ये फोटो किती? छत्तीस! मग रोल स्टुडिओत ‘धुवायला’ टाकायचा आणि चार दिवस वाट पाहायची. १९९० नंतरच्या काळात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात डॉ. उल्हास कारंथ यांनी वाघांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये असेच रोल होते. ३६ फोटो झाले की कॅमेरा मुका. रोल काढायचा, शहरात पाठवायचा, धुऊन आला की मग कळणार आत काय आहे ते.

जागेवरच फिल्म धुणारेही होते बरं का! आपले दादासाहेब फाळके आठवा. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. तेव्हा फिल्म धुऊन देणारं दुकान कुठलं असायला? फाळक्यांनी ती सोय घरातच केली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला भोकं पाडायला शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या. घरचं काम सांभाळून! भारताचा पहिला मोठा चित्रपट असा घरच्या अंधाऱ्या खोलीत धुतला गेला.

आज फिल्म गेली. तिच्या जागी नखाएवढं मेमरी कार्ड आलं. त्यावर ३६ सोडा, हजारो फोटो मावतात. मग सगळं सोपं झालं असेल ना? तिथेच तर खरी गंमत आहे. फोटो काढणं इतकं सोपं झालं, की आता फोटोंचाच महापूर येतो. फिल्म धुण्याचं काम संपलं आणि फोटो निवडण्याचं काम सुरू झालं.

पेटी काम कशी करते?

प्राण्याचं अंग गरम असतं. त्यातून उष्णतेच्या किरणांचा एक प्रवाह बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण पेटीतल्या संवेदकाला कळतो. समोरची उष्णता हलली की संवेदक जागा होतो आणि फोटो निघतो. फोटोवर तारीख आणि वेळ आपोआप छापली जाते.

वाघासाठी कॅमेरे जोडीने लावतात. वाटेच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. का बरं? कारण आपल्या अंगठ्याच्या ठशांसारखेच प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. इतकंच काय, एकाच वाघाचे डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टेसुद्धा सारखे नसतात! फक्त डावी बाजू मिळाली आणि दुसऱ्या फोटोत फक्त उजवी, तर तो एकच वाघ की दोन, हे सांगायचं कसं? म्हणून एकाच वेळी दोन्ही बाजू टिपायच्या.

पण एक अडचण. संवेदकाला वाघ आणि गाय यांतला फरक कळत नाही. चितळ गेलं, फोटो. रानडुक्कर गेलं, फोटो. माकडांची टोळी आली, फोटोच फोटो. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं, तरी फोटो! आणि अस्वलासारखा चौकस प्राणी असेल तर तो कॅमेऱ्याचाच वास घ्यायला येतो. मग त्याच्या नाकाचे फोटो.

म्हणून आकडे कसे होतात बघा. २०२२ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी फोटो काढले ४ कोटी ७० लाख ८१ हजार ८८१. त्यांतले वाघाचे फोटो किती? फक्त ९७,३९९! भागाकार करा. एका वाघाच्या फोटोमागे ४८३ फोटो! आणि त्या ९७ हजार फोटोंतून निरनिराळे वाघ ओळखू आले ३,०८०. त्यावरून आणि जिथे कॅमेरे पोचले नाहीत तिथल्या खुणांवरून देशात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज काढला. त्यांतले ४४४ आपल्या महाराष्ट्रातले.

आता समजा, हे सगळे फोटो एकाच माणसाने पाहायचे ठरवले. सेकंदाला एक फोटो, रोज आठ तास, रविवारची नाही की दिवाळीची सुट्टी नाही. त्याला १,६३५ दिवस लागतील. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं! आणि गणना होते दर चार वर्षांनी. बिचाऱ्याचे जुने फोटो संपायच्या आत नवे येऊन पडतील.

आपलं छोटं जंगल

इतके मोठे आकडे डोक्यात शिरत नाहीत. म्हणून आपण एक छोटं, मनातलं जंगल घेऊ. नागझिऱ्यासारखंच, आत वीज नसलेलं. आकडे आपणच धरू, म्हणजे हिशेब सोपा होईल.

आपल्या जंगलात ४० ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी दोन कॅमेरे, म्हणजे ८० कॅमेरे. ते २५ दिवस राहणार. एक कॅमेरा दिवसाला ६० फोटो काढतो असं धरू.

८० × ६० × २५ = १,२०,००० फोटो.

एक फोटो २ एमबीचा धरला, तर सगळे मिळून २४० जीबी. एवढं तर खिशात मावणाऱ्या एका डिस्कमध्ये बसतं. म्हणजे जागेचा प्रश्न मोठा नाही. मग प्रश्न कुठे आहे? चला, एकेक काम घेऊन बघू.

पहिलं काम : कार्ड आणणं

दर पाच दिवसांनी कॅमेऱ्यांची फेरी. एका फेरीला तीन दिवस लागतात. काही ठिकाणं गाडीरस्त्यावर, काही नाल्याकाठी, जिथे पायीच जावं लागतं. वनरक्षक आणि त्यांच्याबरोबरचे वनमजूर जोडीने जातात. कॅमेरा उघडायचा, जुनं कार्ड काढायचं, नवं घालायचं, सेल तपासायचे. आतल्या मुंग्या झाडायच्या. बंद करण्याआधी स्वतः कॅमेऱ्यासमोरून चालून एक फोटो निघतो की नाही ते पाहायचं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे काढलेलं कार्ड लगेच छोट्या पाकिटात घालून त्यावर लिहायचं, ठिकाण क्रमांक, डावा की उजवा कॅमेरा, तारीख. सगळी कार्डं दिसायला सारखी! दोन कार्डांची अदलाबदल झाली तर चोरखमाऱ्याकडचा वाघ मंगेझरीकडे फिरताना दिसेल. वाघ बिचारा आपल्या जागीच, चुकलं ते पाकीट.

दुसरं काम : नक्कल करणं

संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर कार्डातले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे. नियम असा, की एक नक्कल म्हणजे नक्कल नव्हेच. निदान दोन डिस्कवर दोन नकला हव्यात आणि त्या दोन्ही एकाच पिशवीत नकोत. पिशवी नाल्यात पडली तर दोन्ही गेल्या! पुढे कचेरीत पोचल्यावर तिसरी नक्कल होते. फोटो मोजून संख्या जुळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

एका फेरीत २४,००० फोटो, म्हणजे ४८ जीबी. सेकंदाला ३० एमबी या वेगाने एका नकलेला साधारण २७ मिनिटं. दोन नकलांना ५४ मिनिटं. फार नाही, हो ना? पण कार्डं आहेत ८०. प्रत्येक कार्ड पाकिटातून काढणं, घालणं, फोल्डरला नाव देणं, संख्या जुळवणं, परत पाकिटात ठेवणं, यांना दोन मिनिटं धरली तर १६० मिनिटं! म्हणजे यंत्राच्या कामापेक्षा हाताचं काम जवळजवळ तिप्पट. वेगवान महाग लॅपटॉप आणला तरी हात तेवढाच वेळ घेणार.

दोन्ही मिळून सुमारे साडेतीन तास. तीन संध्याकाळी वाटले तर रोज ७० मिनिटं.

वीज कुठून आणायची?

आपला लॅपटॉप ४० वॅट वीज घेतो असं धरू. ७० मिनिटं चालवला तर साधारण ४७ वॅट-तास लागतील. लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीत पन्नासेक वॅट-तास साठतात. म्हणजे एका संध्याकाळचं काम एका चार्जिंगमध्ये कसंबसं बसतं. दुसऱ्या दिवशी जीप चालू असताना तिच्या बॅटरीवर किंवा सौरपॅनेलवर तो परत भरून घ्यायचा. तारा नसल्या तरी काम अडत नाही.

आता हेच बघा, सगळे १ लाख २० हजार फोटो जंगलातच बसून नीट पाहायचे ठरवले तर? एका फोटोला दोन सेकंद धरले तरी ६७ तास. ६७ × ४० = २,६८० वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट, तेव्हा ही झाली पावणेतीन युनिट वीज. घरी युनिटला १० रुपये पडत असतील तर २७ रुपये. एका वडापावाची गोष्ट! पण जंगलात ही २७ रुपयांची वीज आणायची म्हणजे शंभर वॅटचं सौरपॅनेल हवं, तीसेक किलोची बॅटरी हवी, ती वाहायला गाडी हवी. उन्हाळ्यात पॅनेल छान चालेल, पण गोंदियाच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि लॅपटॉप तापून बंद पडतो. ढग आले की पॅनेल थंड. जनरेटर आणला तर त्याच्या फटफटीने आणि धुराने ज्यांचे फोटो काढायचे तेच पळून जाणार!

म्हणून शहाणपणाचा नियम असा, की जंगलात जे केलंच पाहिजे तेवढंच जंगलात करायचं. बाकीचं तारांच्या गावात.

जंगलात काय केलंच पाहिजे?

दोन कामं. नक्कल आणि झटपट तपासणी.

प्रत्येक कार्डातले पाच-सहा फोटो उघडून पाहायचे. कॅमेरा वाकडा तर झाला नाही? पुढे वाढलेली फांदी तर येत नाही? भिंगावर कोळ्याने जाळं तर विणलं नाही? आणि घड्याळ बरोबर आहे ना?

सिनेमावाले हेच करतात. पूर्वी दिवसभराचं शूटिंग धुऊन आलं की दिग्दर्शक ते पाहून घेई. त्याला ‘रशेस’ म्हणत. आता शूटिंगच्या जागेवरच एक माणूस लॅपटॉप घेऊन बसतो, कॅमेऱ्यातलं कार्ड आलं की त्याच्या नकला करतो आणि चित्र ठीक आहे ना ते पाहतो. कारण सेट मोडल्यावर आणि नट घरी गेल्यावर चूक कळली, तर सगळं पुन्हा उभारावं लागतं. वाघ तर नटासारखा परत बोलावताही येत नाही!

घड्याळाचं महत्त्व सांगतो. समजा, सेल बदलताना घड्याळ लावायचं राहिलं आणि बारा तासांचा फरक पडला. वाघ गेला पहाटे पाचला आणि फोटोवर आलं संध्याकाळी पाच. आता गोंदियाकडच्या गावांत उन्हाळ्यात काय चालतं, ठाऊक आहे? मोहफुलं वेचायला माणसं भल्या पहाटे जंगलाच्या कडेला जातात. मग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. वाघ कोणत्या वाटेने कधी जातो हे कळलं तर गावाला सांगता येतं, “त्या बाजूला उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटे जाऊ नका.” चुकीच्या घड्याळाचा फोटो नेमका उलटा सल्ला देईल. एका बटणाची चूक कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

रुपयांचा हिशेब

आता आपल्या छोट्या जंगलाचं खर्चाचं पान लिहू. दर आपण धरलेलेच आहेत. तुमच्या गावात वेगळे असतील तर ते घाला.

सेल : ८० कॅमेरे, प्रत्येकी ८ सेल, म्हणजे ६४० सेल. २० रुपयाला एक धरला तर १२,८०० रुपये. पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल २०० रुपयांचे धरले तर १,२८,००० रुपये. बाप रे! पण दहा वेळा वापरले की पैसे फिटले, आणि ते तर शेकडो वेळा भरता येतात. शिवाय जंगलात सेलचा कचरा होत नाही.

डिस्क : तीन नकलांसाठी तीन. ५,००० रुपयांची एक धरली तर १५,०००. पण त्या पुढच्या वर्षीही चालतील.

गाडी : पाच फेऱ्या, प्रत्येकी तीन दिवस, म्हणजे १५ दिवस. रोज ६ लिटर इंधन, लिटरला १०० रुपये. झाले ९,०००.

माणसं, जंगलातली : दोघं, १५ दिवस, रोज ७०० रुपये. झाले २१,०००.

माणसं, फोटो पाहणारी : ६७ तास म्हणजे आठ-नऊ दिवस. एकाने पाहिलेलं दुसऱ्याने तपासायचं, म्हणजे ९ × २ × ७०० = १२,६००.

वीज : २७ रुपये. फार तर पन्नास धरा.

काय दिसतं? ज्या विजेवाचून सगळं अडतं ती रुपयांत सगळ्यांत स्वस्त. डिस्कही परवडते. सगळ्यांत मोठा आकडा माणसांच्या पायांचा आणि डोळ्यांचा, ३३,६०० रुपये. (कॅमेऱ्यांची किंमत यात धरलेली नाही. ते बरीच वर्षं टिकतात, हरवले नाहीत तर!)

आणि तपासणी केलीच नाही तर? २५ दिवसांनी कळलं की फोटो वाया गेले, तर जंगलातली माणसं, गाडी आणि सेल यांचा खर्च पुन्हा करायचा. २१,००० + ९,००० + १२,८०० = ४२,८०० रुपये. रोज संध्याकाळची थोडी मिनिटं एवढे पैसे वाचवतात.

फोटोंऐवजी व्हिडिओ काढला तर?

छान प्रश्न! आजचे बरेचसे कॅमेरा ट्रॅप व्हिडिओही काढतात. पिलांना घेऊन चाललेली वाघीण चालताना पाहायला कुणाला आवडणार नाही? पण वीस सेकंदांचा व्हिडिओ ४० एमबीचा धरला, तर तो फोटोच्या वीसपट. आपले २४० जीबी होतील ४,८०० जीबी. एका नकलेला चव्वेचाळीस तास! रोजची ती ७० मिनिटं कुठल्या कुठे जातील. सेलही लवकर संपतील. म्हणून वाघ मोजायला फोटो पुरतात. प्राणी कसे वागतात ते पाहायचं असेल तिथेच व्हिडिओ.

संगणकाची मदत

इतके फोटो माणसांनीच पाहायचे का? आता संगणक बराच भार उचलतो. देशाच्या व्याघ्रगणनेत ‘कॅट्रॅट’ नावाची प्रणाली फोटो बघून हे चितळ, हे डुक्कर, हा वाघ असे गठ्ठे लावते. मग ‘एक्स्ट्रॅक्ट कंपेअर’ नावाची दुसरी प्रणाली वाघाच्या अंगावरचे पट्टे जणू सोलून सपाट कागदावर पसरते आणि आधीच्या वाघांच्या पट्ट्यांशी ताडून पाहते. जुळणारी नावं ती पुढे करते, पण “हो, हा तोच!” हा शेवटचा शब्द माणसाचा.

पट्ट्यांची ही वही फार कामाची आहे. वाघ हद्दी मानत नाहीत. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली शंभरावर किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि देशभर प्रसिद्ध झाला. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही. नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधून तर राष्ट्रीय महामार्गच जातो. अशा वाटांवरचा वाघ ‘आपला’ की ‘पाहुणा’, तो शेवटचा कुठे आणि कधी दिसला, हे सांगायला जुने फोटो जपलेले हवेत. नीट नाव-तारीख घालून ठेवलेला दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज साक्षीदार होतो. नाव नसलेला फोटो मात्र नुसतं चित्र राहतो.

आणखी एक जबाबदारी

कॅमेरा वाघाचा फोटो काढतो तसा माणसांचाही. सरपण आणायला गेलेल्या बायका, मोहफुलं वेचणारी मुलं, झाडाखाली क्षणभर टेकलेल्या आजीबाई. त्यांना ठाऊकही नसतं. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या परिसरात झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. जंगलातल्या कॅमेऱ्यांमुळे तिथल्या बायकांना अवघडल्यासारखं होतं, मोकळेपणाने बोलता-गाता येत नाही, असं त्यात पुढे आलं. म्हणून फोटो निवडताना माणसांचे फोटो बाजूला काढणं, ते कुणाला न दाखवणं, गंमत म्हणून पुढे न पाठवणं, हाही कामाचाच भाग. याला खर्च शून्य, पण चुकलं तर गावाचा विश्वास जातो. आणि गाव रुसलं तर जंगल राखणार कोण?

तुम्हीही करून बघा

घरातल्या एका मोबाइलमधले गेल्या सहलीचे फोटो घ्या. आई-बाबांची परवानगी घेऊन, बरं का!

१) एकूण फोटो किती ते लिहा. त्यांतले खरोखर पुन्हा पाहावेसे किती? भागाकार करा. तुमचा ‘एका वाघामागे किती’ हा आकडा कळेल.

२) सगळे पाहून निवडायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजा.

३) निवडलेल्यांना ठिकाण, तारीख आणि कोण-कोण आहे अशी नावं द्या.

४) दोन ठिकाणी नकला करा. एक घरी, एक मामाकडे किंवा आत्याकडे. संख्या जुळवा आणि मगच मोबाइल मोकळा करा.

पालकांनो, या खटपटीत मुलं भागाकार शिकतीलच. पण आजी-आजोबांच्या फोटोंना नावं घालायचं राहिलेलं कामही याच निमित्ताने होऊन जाईल. फोटोतली माणसं ओळखणारं कुणी घरात आहे, तोवरच ते करायला हवं.